तुतीचे झाड आणि घरातील दोन मुले

जुळे सोलापुरातील आमच्या अंगणात तुतीचे झाड आहे. दोन वर्षे त्याला जेमतेम मूठभर फळे लागत, आणि तीही चार वर्षांची नात व सहा वर्षांचा नातू लाल असतानाच तोडून खात, त्यामुळे तोंड आंबट होई आणि धाकटीचे पोटही दुखे. अर्धवट पिकलेल्या फळात आणि देठाच्या चिकात पोट बिघडवण्याचा गुण असतो, हे मला उशिरा समजले.

तुतीला फळ नव्या फुटव्यावर येते. म्हणून यंदा जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपताच सर्व फांद्या निम्म्याने छाटल्या, उरलेली पाने ओरबाडून काढली, आळ्यात शेणखत घालून वर उसाचे पाचट पसरले आणि दर तिसऱ्या दिवशी पाणी दिले. आठवडाभरात डोळे फुटले, त्यांच्याबरोबरच हिरवे घोसही दिसू लागले, आणि मार्चमध्ये, ऊन चाळिशीला टेकण्यापूर्वी, झाड काळ्याभोर फळांनी लगडले. बुलबुलांसाठी वरच्या फांद्या मोकळ्या सोडल्या. खालच्या तेवढ्या जुन्या ओढणीने झाकल्या.

मुलांना एकच नियम दिला: बोट लावताच हातात येईल तेच फळ आपले, ओढावे लागेल ते झाडाचे. नातू हा नियम आता शेजारच्या मुलांनाही सांगतो. झाडाखाली जुनी सोलापुरी चादर अंथरून फांदी हलकेच हलवली की पिकलेली फळे आपोआप पडतात. ती धुऊन, देठ खुडून, धाकटीला दोन तुकडे करून आणि बसवूनच देतो. कपड्यांवरचे ताजे डाग कच्ची हिरवी तुती चोळल्याने बरेच फिके होतात.