खाडीच्या पाण्यात प्लँक्टन वाढेल का, हे बघायचं तर आधी उजेड मोजा

बडोद्याहून खंबातच्या आखाताकाठी कावी-कंबोईला जायचं, बाटलीभर पाणी आणायचं, थर्मामीटर बुडवायचा आणि वहीत लिहायचं की पाणी कोमट, खारटपणा ठीक, म्हणजे फायटोप्लँक्टन, पाण्यात तरंगणारं ते सूक्ष्म शैवाल, मस्त वाढणार. मुलांना प्रोजेक्टसाठी हे असं कोण शिकवतं देव जाणे. अहो, खंबातच्या आखातात खत भरपूर आहे, मही-नर्मदा आणून ओततात, अडतं ते गाळामुळे, उजेड खाली जातच नाही.

तापमान बादलीत पाणी काढल्या काढल्या घ्या. खारटपणाला रिफ्रॅक्टोमीटर, एका थेंबात काम.

आता सेक्कीची तबकडी, पाण्यात उजेड किती खोल जातो ते मोजायची. 1865 पासून ही पद्धत चालते, समुद्रात सहसा 30 सेंमीची पांढरी गोल. मी बडोद्याच्या मांडवीतून स्टीलची थाळी आणून मॅट पांढरा रंग मारला, खाली वजन बांधलं, दोरीवर खुणा केल्या. होडीच्या सावलीच्या बाजूने सोडा, गॉगल काढा, दिसेनाशी झाली की एक आकडा, वर ओढताना परत दिसली की दुसरा, दोन्हीची सरासरी.

माझी दोन वर्षं इथेच वाया गेली, कारण मी वेळ बघितलीच नव्हती. पौर्णिमेनंतर उधाणात, अर्ध्या ओहोटीला होडी नेली, पाणी एवढं ओढत होतं की दोरी तिरकी, म्हणजे खोलीचा आकडा मुळातच चुकीचा, आणि थाळी तरी वीतभरात गायब. मी सरळ लिहून टाकलं की इथे काही जगत नाही. मग अष्टमीनंतर दोन दिवसांनी, भांगाच्या म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीला, पाणी पूर्ण चढून थांबलेलं असताना त्याच जागी सोडली तर दोरी सरळ आणि थाळी चांगली हातभर खाली दिसली! प्रवाह मंदावला की गाळ खाली बसतो, एवढंच. म्हणून एक आकडा घेऊन कधीही परत येऊ नका, उधाणाचा आणि भांगाचा दोन्ही हवेत, शेजारी भरतीची वेळ लिहा. आणि चिखलात पाय टाकू नका, इथे उधाणाला पाणी 10 मीटरच्या आसपास चढतं, कंबोईच्या काठावरचं स्तंभेश्वराचं देऊळसुद्धा बुडतं.

आकड्याचं करायचं काय? थाळी जिथे दिसेनाशी होते त्याच्या साधारण अडीच-तीन पट खोलीपर्यंत कामापुरता उजेड असतो. समजा थाळी 20 सेंमीला गेली, तर उजेड अर्ध्या मीटरपर्यंत. पाणी 10 मीटर खोल आणि खालवर घुसळलेलं असेल तर एका पेशीला दिवसाचासुद्धा विसावा हिस्साच उजेड मिळतो, श्वसन मात्र चोवीस तास चालू. मग कितीही नायट्रेट असू दे, वाढणार कशी?

पाण्यात मुळात काय आहे ते बघायचं तर बाटलीत ल्युगॉलचं आयोडीन (पेशी टिकवणारं द्रावण) फिक्या चहाचा रंग येईपर्यंत टाका, एक-दोन दिवस हलवू नका, तळातला थेंब मायक्रोस्कोपखाली घ्या. गाळाचे कण डायटमसारखेच (काचेसारख्या कवचाचं एकपेशी फायटोप्लँक्टन) भासतात, म्हणून थेंब पातळ करून बघा. काचेच्या डबीसारखी नक्षी दिसली की तो डायटम.