रास्पबेरी पायवर रुसलेली हार्डडिस्क

सांगलीच्या मार्केट यार्डात काकांची हळदीची अडत आहे. तिथल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवायला मी रास्पबेरी पाय ४ला (तळहातावर मावणारा, लिनक्सवर चालणारा छोटा संगणक) घरातली जुनी पोर्टेबल हार्डडिस्क जोडली. डिस्क दोनदा कट्-कट् करायची आणि गप्प. दोन संध्याकाळी ड्रायव्हर शोधण्यात घालवल्या; दोष निघाला विजेचा.

पाय ४च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. आतली चकती फिरायला लागताना डिस्क एकटीच त्यातला मोठा वाटा ओढते. आधी टर्मिनलमध्ये 'डीमेसेज' (dmesg) ही सिस्टीमचे संदेश दाखवणारी कमांड चालवा. 'अंडर-व्होल्टेज', म्हणजे वीज कमी पडतेय, असं दिसलं तर मोबाईलचा चार्जर बाजूला ठेवा, पायचा स्वतःचा ३ अँपिअरचा अडॅप्टर लावा आणि डिस्क वेगळी वीज घेणाऱ्या यूएसबी हबवर (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीवर) न्या.

मग जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी 'एलएसबीएलके' (lsblk) कमांड. बहुतेक वेळा डिस्क 'एसडीए' आणि तिचं पार्टिशन (डिस्कचा भाग) 'एसडीए१' दिसतं. फॉरमॅट केलं की आतलं सगळं पुसतं, म्हणून आत काय आहे ते बघूनच ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल पद्धतीत फॉरमॅट करा. माझ्या डिस्कवर ताईच्या लग्नाचे फोटो होते, थोडक्यात वाचलो.

सुरू होताना कोणती डिस्क जोडायची ते ज्या फाइलमध्ये लिहितात, त्या एफएसटॅबमध्ये (fstab) 'एसडीए१' लिहू नका. मध्येच पेनड्राइव्ह लावला की नावं बदलू शकतात. 'बीएलकेआयडी' (blkid) कमांड दाखवते तो यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा न बदलणारा ओळख क्रमांक लिहा, आणि पर्यायांत 'नोफेल' (nofail), म्हणजे डिस्क नसली तरी पुढे जा, हे घालाच. नाहीतर डिस्कची वायर निघाली की बोर्ड सुरू होतानाच अडकून बसतं, आणि अडतीत कीबोर्ड कुठून आणणार? रीबूट करण्याआधी 'माउंट -ए' (mount -a) चालवा, ती एफएसटॅबमधल्या डिस्क लगेच जोडून बघते; बरीचशी चूक तिथंच सापडते.