उसातलं डुक्कर: सत्तर हजारांत जनावराच्या हल्ल्याचा भयपट

गावावर तुटून पडणाऱ्या जनावराचा सिनेमा करायचा ठरला की पहिला पैसा जनावरावर जातो. तिथंच घात होतो. पन्नास हजारांचं नकली जनावरसुद्धा उजेडात दहा सेकंद उभं राहिलं की नकलीच दिसतं, आणि प्रेक्षक एकदा हसला की पुन्हा घाबरत नाही. म्हणून हिशेब आधीच बांधून घ्या: पंचवीस मिनिटांच्या फिल्ममध्ये जनावर सगळं मिळून चाळीस सेकंद दिसेल, आणि एका वेळी एका सेकंदाच्या वर कधीच नाही. बाकीचा सगळा वेळ ते जवळ आहे एवढंच कळलं पाहिजे. खाली जे सांगितलंय ते सगळं या हिशेबातूनच निघतं.

जनावर आणि गोष्ट

मराठवाड्यात या कामाला रानडुकरासारखं जनावर नाही, कारण त्याला लपायला ऊस आहे. अडीच-तीन मीटर वाढलेल्या उसात पाच फुटांवरचं दिसत नाही, पण शेंडे हलताना लांबून दिसतात. जनावर झाकलेलं, वाट मात्र उघडी. उसात बिबट्याही लपतो. पण तो कसा चालतो हे मोबाइलवर पाहून पोरासोरांना पाठ झालंय, नकली चाल लगेच पकडली जाते. लांडगा अंधारात गावच्या कुत्र्यासारखा दिसतो. वानरांचा मोह होईल. बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या लवूळमध्ये २०२१ साली वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून उंचावर नेत होती आणि डिसेंबरात वन विभागानं दोन वानरं पकडली. विषय जबरदस्त आहे, पण खरी माकडं वापरायला बंदी आहे आणि नकली माकड करणं डुकराच्या दसपट अवघड. १९७२ च्या ‘नाइट ऑफ द लेपस’ या अमेरिकन फिल्ममध्ये खरे ससे छोट्या बनावट घरांमधून पळवून राक्षसी दाखवले होते. सशाला कोण भिणार? ती फिल्म आजही हसण्यासाठीच पाहिली जाते. धास्ती प्रेक्षकाच्या मनात आधीपासून हवी. डुकरानं मांडी फाडल्याची गोष्ट आपल्याकडे प्रत्येक गावात कुणीतरी ऐकलेली असते.

अशा फिल्मची गोष्ट बहुतेक वेळा एकाच जागी पडते: जनावर आहे हे माहीत असताना माणूस रात्री तिकडं जातोच कशाला? आपल्याकडे याचं उत्तर तयार आहे. शेतीची थ्री फेज लाईट पाळीनं रात्री येते. लाईट आली की मोटर चालू करायला जावंच लागतं, नाहीतर पीक वाळतं. “लाईट आली का?” “आली, पण एक फेज नाही.” एवढ्या बोलण्यावर माणूस बॅटरी घेऊन उठतो, आणि प्रेक्षकाला ते पटतं.

आणि गाव काम का थांबवत नाही? ऊसतोड मजुरांची टोळी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन आलेली असते, कारखान्याची तोड मिळालेली असते, आज फड थांबवला तर पाळी जाते. यातच तुमचं घड्याळ आहे. चारी बाजूंनी तोड सुरू झाली की आतली जनावरं उरलेल्या उसात सरकत जातात. पहिल्या दृश्यात पाच एकर उभा ऊस, मध्यावर दोन, शेवटी वीस गुंठे, आणि जनावर त्यातच आहे. शेवटचा वाफा तोडायला कुणी कोयता उचलायचा, हाच तुमचा शेवटचा प्रसंग.

डुकराच्या अंगाला एक खूण हवी. १९७५ च्या ‘जॉज’मधला यांत्रिक मासा समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून मासा कुठं आहे हे पाण्यावरच्या पिवळ्या पिंपांनी दाखवलं गेलं. आपलं पिंप म्हणजे फाशाची तार. डुक्कर फास तोडून पळालंय, तार मानेत रुतलीय, आणि जनावर अडकलं की कळावं म्हणून तारेला बांधलेला पत्र्याचा डबा मागं घासत येतोय. त्यामुळं ते चिडलेलं का आहे हेही कळतं आणि येतंय हेही ऐकू येतं. शेवटच्या पाच मिनिटांत तो डबा एकटाच सरीत पडलेला दाखवा. आता आवाज न करता येणार.

संवाद लिहिताना पुण्याची मराठी आणू नका. लातूर-नांदेडकडचं “काय करायलाव?” जालन्याच्या माणसाच्या तोंडी शोभत नाही. नट ज्या भागातला असेल तिथलंच बोलणं त्याला बोलू द्या.

ऊस हलवणं

यावर सगळ्यात जास्त वेळ घाला, कारण पडद्यावरचं डुक्कर बहुतेक हेच आहे. दोरीनं ऊस ओढायचा प्रयत्न होतो, पण सगळी बेटं एकदम हलतात आणि वारा आल्यासारखं दिसतं. सोपा उपाय: सरीतून एक माणूस वाकून पळवा. त्याच्या हातात कमरेच्या उंचीवर आडवा धरलेला साडेतीन-चार फुटांचा बांबू, म्हणजे दोन्ही बाजूंचा ऊस मागोमाग सरकत जातो. पट्टा पद्धतीची, चार-पाच फुटांची सरी निवडा, अरुंद सरीत माणूस अडकतो. उसाचं पातं ब्लेडसारखं कापतं, त्यामुळं पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, हातमोजे, गमबूट आणि काचेचं हेल्मेट घातल्याशिवाय कुणाला आत सोडू नका.

कॅमेरा बारा-पंधरा फूट उंचीवर हवा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी केलेली शिडी पुरते. ड्रोन खाली आणला की पंख्याच्या वाऱ्यानं सगळेच शेंडे डोलतात आणि खेळ संपतो. वारा असेल तेव्हा हे शॉट घेऊच नका. सकाळी उन्ह तापायच्या आधी किंवा दिवस मावळताना हवा पडलेली असते, तेव्हाच घ्या. प्रत्येक धाव तीन वेगांत हवी: चालत, पळत, आणि पळता पळता एकदम थांबून. तिसरी सगळ्यात भीतिदायक. शेंडे थांबल्यावर कॅमेरा आणखी दहा सेकंद चालू ठेवा.

मोठा धोका तारखांचा आहे. तोड कारखान्याच्या प्रोग्रामवर येते, शेतकऱ्याच्या मर्जीवर नाही. मुकादमाचा फोन आला की तुमचं अख्खं लोकेशन बघता बघता गाडीत भरून निघून जातं. म्हणून उसातली दृश्यं पहिल्या दोन रात्रींत उरका. वाडा, पार, बाजार, आखाडा (शेतातलं घर) नंतर. तोड सुरू झाली की टोळीला विचारून कमी होत जाणारा फड रोज एकाच जागेवरून, एकाच वेळी टिपा. हे शॉट फुकट मिळतात आणि पुन्हा कधीच मिळत नाहीत.

मुंडकं

पूर्ण डुक्कर करू नका. मुंडकं, आयाळीसह खांदा आणि खुराचा ठसा, बस.

मुंडकं नाकापासून कानामागपर्यंत ४५ ते ५० सेंटिमीटर. दहा-बारा गेजच्या तारेचा सांगाडा, त्यावर कोंबडीच्या खुराड्याची जाळी, त्यावर १० मिलिमीटर ईव्हीए फोमच्या (चपलांच्या तळव्याला असतो तो) पट्ट्या. चिकटवायला चांभाराकडचं सोल्युशन: दोन्ही बाजूंना लावून दहा मिनिटं सुकू द्या, मग दाबा. ओलं असताना दाबलं तर उन्हात सुटतं. हमखास होणारी चूक म्हणजे गावातल्या डुकराचा गोल चेहरा. रानडुकराचं तोंड पाचरीसारखं लांब आणि सरळ असतं. केसांसाठी काळा रंगवलेला काथ्या, आयाळीला रंगाच्या ब्रशचे राठ केस. मानेकडून सुरू करून नाकाकडे या, म्हणजे प्रत्येक ओळ मागच्या ओळीची मुळं कौलासारखी झाकते.

सुळे तारेवर एम-सील चढवून करा. खालच्या जबड्यातून वर आणि बाहेर वळलेले, सात-आठ सेंटिमीटर दिसणारे. पांढरेशुभ्र ठेवले तर प्लास्टिक वाटतात. पॉलिश पेपर मारून कडक चहात रात्रभर बुडवा. डोळे बारीकच हवेत, १२ ते १५ मिलिमीटरचे काळे मणी, वर रंगहीन नेलपॉलिश. मोठे डोळे केले की जनावर गोंडस होतं. जबडा उघडायला मोटारसायकलची जुनी ब्रेक केबल आणि लिव्हर: लिव्हर दाबला की जबडा खाली, आत बसवलेल्या रबरानं परत वर. सगळं चार फुटांच्या बांबूवर बसवा. प्रत्येक टेकआधी नाकावर ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं फवारा; ओलं नाक चमकलं की फोम विसरला जातो. मग सगळ्यावर शेतातलाच चिखल.

चित्रीकरणात मुंडकं फ्रेमच्या कडेनं आत येऊन निघून जावं, मधोमध थांबू नये. कॅमेरा जमिनीपासून दीड फुटावर.

रात्र, रक्त, आवाज

सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं रस्त्यावरचे दिवे लुकलुकत नाहीत. उजेड पात्रांच्या हातातच द्या: बॅटरी, मोटारसायकलचा हेडलाइट, ट्रॅक्टरचे दिवे. पात्रांच्या मागं उंचावर एक मोठा एलईडी लावा, म्हणजे उसाच्या कडा अंधारातून सुटतात. समोरून मारलेला उजेड मुंडक्याचा जीव घेतो. जनरेटर भिंतीआड ५० मीटर लांब ठेवा आणि वायर २.५ स्क्वेअर मिलिमीटरची घ्या, बारीक वायरीत व्होल्टेज पडतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव पडतं. बाहेर गार झालेला कॅमेरा एकदम गाडीच्या उबेत नेला तर लेन्सवर वाफ धरते, मधेमधे आत नेऊ नका.

एक लिटर रक्ताला अर्धा लिटर लिक्विड ग्लुकोज, तेवढंच पाणी, लाल खाद्यरंग चार चमचे, कोको पावडर एक चमचा आणि निळ्या रंगाचे चार थेंब. रात्री निळसर उजेडात हे काळं पडतं, तेव्हा कोको अर्धा करा. कपड्यांवर टाकायच्या रक्तात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड घाला, डाग निघतो. ते रक्त तोंडात मात्र जाऊ देऊ नका. गोड असल्यामुळं तासाभरात मुंग्या येतात. नट जमिनीवर पडून राहणार असेल तर रक्त शेवटी ओता.

आवाजाचं साहित्य शेतातच आहे. हाड मोडायला वाळलेला कडबा, मांस फाडायला ओलं फडकं आणि पपई, चावायला ऊसच. डुकराच्या घुरघुरीसाठी गावातल्या डुकरांचा आवाज जवळून घ्या, शक्यतो ९६ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवर, म्हणजे सुर पाच-सहा पट्ट्या खाली ओढल्यावर आवाज फाटत नाही. डबा घासल्याचा आवाज माती, मुरूम आणि फरशी अशा तिन्हींवर वेगळा घ्या. रातकिड्यांची कमीत कमी पाच मिनिटं वेगळी हवीत, कारण तुमचं सगळ्यात स्वस्त हत्यार ते आहेत: डुक्कर यायच्या चार सेकंद आधी रातकिडे एकदम बंद. मात्र हे फिल्मभर तीनदाच करा. घरातले संवाद घुमत असतील तर भिंतींवर दोन-तीन वाकळी टांगा.

आत शिरण्याआधी

डुकरांसाठी शेताच्या तारेत करंट सोडलेला असतो आणि त्यात माणसं मेलीत. मालकाला आणि चारी बांधांवरच्या शेजाऱ्यांना विचारा, दिवसा तारा स्वतः पाहून घ्या, मगच रात्री माणूस न्या. पाचटाजवळ टेंभा, मशाल, फटाका काहीही नको. आगीचं दृश्य हवंच असेल तर मोकळ्या रानात, पाण्यानं भरलेले दोन फवारणी पंप शेजारी ठेवून. झटापटीतला कोयता सनबोर्डचा (हलक्या फोमच्या पाटीचा), खरा फक्त क्लोजअपमध्ये. सर्पदंशावर उपचार होणारं जवळचं रुग्णालय आधी बघून ठेवा आणि एक गाडी चावीसह मोकळी ठेवा. पोलीस पाटील आणि पोलीस ठाण्याला तारखा लेखी कळवा, नाहीतर मध्यरात्रीच्या किंकाळ्यांनी गाव काठ्या घेऊन धावून येईल.

खरं कुत्रं किंवा शेळी वापरायची तर भारतीय पशू कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी लागते. रानडुकराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, खऱ्याच्या वाटेला जाऊ नका. मुंडकं बनवतानाचे फोटो जपून ठेवा, ते नकली होतं हे दाखवायला कामी येतात.

सत्तर हजार असे लावा: बारा माणसांचं सहा रात्रींचं जेवण, चहा आणि पेट्रोल २५ हजार, दिवे आणि जनरेटर १५, मुंडकं ७, माइक-रेकॉर्डरचं भाडं ६, शेतकऱ्याला नुकसानभरपाई ५, रक्त-कपडे ४. उरलेल्या ८ हजारांना हात लावू नका, सातवी रात्र लागतेच. कॅमेरा ओळखीतला घ्या किंवा चांगला मोबाइल वापरा. जेवणात काटकसर करू नका; पहाटे तीनला उपाशी माणूस सरीतून पळत नाही.

संकलनात मुंडक्याचा प्रत्येक शॉट १२ ते २० फ्रेमवर कापा. आधी शेंडे, मग माणसाचा चेहरा, मग मुंडकं, आणि लगेच पुन्हा चेहरा. चाळीस सेकंदांची बेरीज कागदावर लिहीत चला. शेवटी आवाज मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, कारण बहुतेक लोक तिथंच पाहणार आहेत. त्या स्पीकरवर खोल घुरघुर जवळजवळ गायब होते. तेव्हा तिच्यावर ३०० ते ६०० हर्ट्झमधला एक खरखरीत थर चढवा, आणि डब्याचा आवाज संवादापेक्षा किंचित वर ठेवा.