कापडी डायपर गळतोय, वास मारतोय? या चुका टाळा

कापडी डायपर गळायला लागला की घरात कोणीतरी म्हणतंच, "आपल्या बाळाला शू जास्त होते." मग आत शू शोषणारे पॅड दुप्पट घातले जातात, तरी दुपटं ओलं ते ओलंच. खरं कारण बहुतेक वेळा धुण्यात असतं.

नवे सुती किंवा बांबूचे पॅड पाकिटातून काढून लगेच वापरू नका. त्यांच्या धाग्यांत तेलकटपणा असतो. चार-पाच वेळा धुऊन वाळवल्यावरच ते नीट शोषायला लागतात. पुढे हाच तेलकटपणा आपण स्वतः चढवतो. मऊपणासाठी घातलेलं फॅब्रिक सॉफ्टनर, पुरळावरचं जाड मलम, मालिशचं न पुसलेलं तेल, या सगळ्याचा थर पॅडवर बसतो. वाळलेल्या पॅडवर पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो झटकन मुरला तर ठीक. मोत्यासारखा वर बसून राहिला तर थर साचला आहे. गरम पाण्यात पुरेशी धुण्याची पावडर घालून पॅड धुवा आणि फेस संपेपर्यंत खळबळा.

"बाळाचे कपडे आहेत, पावडर चिमूटभरच घाल," हा सल्ला प्रेमाचा असला तरी डायपरला लागू नाही. पावडर कमी पडली की शू पूर्ण निघत नाही, आणि पुढच्या वेळी पॅड ओला होताच अमोनियाचा डोळ्यांत जाणारा वास येतो. रात्रभर घातलेल्या डायपरला सकाळी थोडा उग्र वास येणारच, त्याची काळजी नको. नुकत्याच धुतलेल्या पॅडला वास येत असेल तर मात्र धुणं कमी पडतंय. आधी साध्या पाण्यात शू काढून टाका, मग पावडरीत धुवा. बोअरच्या जड पाण्यात फेसच धरत नाही. तिथे पावडर थोडी वाढवा आणि शेवटचं खळबळणं नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात करा. प्रत्येक धुण्यात जंतुनाशक मात्र ओतू नका. ते कापडात राहिलं तर कोवळ्या कातडीला झोंबतं.

वापरलेले डायपर दिवसभर बादलीत भिजत ठेवण्याची सवयही सोडा. त्या पाण्यात जंतू वाढतात आणि इलास्टिक सैल पडतं. शी संडासात टाकून डायपर विसळा आणि उघड्या बादलीत पाणी न घालता ठेवा.

पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत म्हणून डायपरचं बाहेरचं कव्हर शेगडीवर धरू नका, इस्त्रीही नको. कव्हरच्या आतला पाणी अडवणारा पातळ थर उष्णतेने सुटतो आणि मग तो डायपर कायमचा गळतो. पंख्याखाली कव्हर लवकर वाळतं. वेळ लागतो तो जाड पॅडला. म्हणून पावसाळ्यात आईच्या जुन्या सुती साडीच्या घडीला तोड नाही. ती उलगडून वाळते. पिवळे डाग ओल्या पॅडवर ऊन पडलं की बरेच फिके होतात.

स्वच्छ धुऊनही गळत असेल तर मांडीजवळ बोट फिरवून बघा. पॅडचं टोक कव्हरबाहेर डोकावत असेल तर ओल तिथूनच कपड्यांवर उतरते. टोक आत सारा. इलास्टिक जांघेच्या घडीत बसायला हवं, मांडीवर नको. गळतंय म्हणून टिचबटणं करकचून लावू नका. पोटाशी दोन बोटं सहज जायला हवीत. मायक्रोफायबरचा (बारीक कृत्रिम धाग्यांचा) पॅड कधीच थेट अंगाला लावू नका, तो कातडीतला ओलावाही ओढून घेतो. त्यावर सुती कापड हवंच.

दिवसा दर दोन-तीन तासांनी डायपर बदला, शी झाली तर लगेच. जांघेच्या घडीत लालभडक पुरळ आणि आजूबाजूला सुटे लाल ठिपके दिसले तर ते बुरशीचं असू शकतं. त्यावर टाल्कम पावडर नको; बालरोगतज्ज्ञांना दाखवा. औषध चालू असेपर्यंत पॅड गरम पाण्यात धुवा, आणि लावायचं मलम कपड्याला चिकटणारं असेल तर मध्ये पातळ सुती फडकं घाला.