इंद्रजाल विकायला काढण्याआधी

जुन्या इंद्रजाल कॉमिक्सची ट्रंक उघडण्याआधी खिडकीबाहेर बघा. पाऊस असेल तर बेत दिवाळीनंतर ढकला. जुलैत न्यूजप्रिंट ओल धरतं, मुखपृष्ठ पापडासारखं वळतं आणि अंक आहे त्याहून वाईट दिसतो. उलटही होतं: एरवी बोट लागताच कडकन मोडणारं पान दमट हवेत मऊ पडतं आणि अंकाची प्रकृती ठणठणीत वाटते. कोरड्या हवेतल्या सुट्टीच्या दोन-तीन सकाळी मोकळ्या ठेवा. एका बैठकीत पंधरा अंक पुरे. त्यानंतर डोळा उदार होतो, हा स्वतःचा अनुभव.

टेबलावर धुतलेली पांढरी चादर, तिच्यावर स्टीलची फूटपट्टी, भिंग, टॉर्च, मऊ ब्रश आणि एक वही. चहा दुसऱ्या खोलीत. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. हातमोजे नकोत, त्यांनी पानाचा अंदाज येत नाही आणि कोपरा फाटतो. आणि तपासायला घेतलेला अंक वाचू नका. हे सगळ्यात अवघड. वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, घोड्यावर बसून निघाला की माणूस पुन्हा नऊ वर्षांचा होतो आणि नऊ वर्षांच्या मुलाला पानावरचा तेलाचा डाग दिसत नाही. आपल्याच अंकाला आपण दर्जा द्यायचा म्हणजे आपल्याच पोराचा पेपर तपासायला बसायचं. म्हणून मी अंक उलटा धरून तपासतो. चित्रं उलटी असली की गोष्ट सुरू होत नाही आणि घड्या, डाग, फाटलेल्या कडा तेवढ्या दिसतात. घरातले हसतात, हसू द्या.

पहिली नोंद दर्जाची नाही, ओळखीची. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने इंद्रजाल मार्च १९६४मध्ये सुरू केलं आणि १९९०मध्ये ते बंद पडलं. पहिले ३२ अंक निव्वळ वेताळाचे होते. मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन ही मंडळी नंतर आली आणि आबिद सुरतींचा बहादूर १९७६मध्ये. मासिकाचं पाक्षिक आणि पाक्षिकाचं साप्ताहिक झालं, पुढे सलग क्रमांक जाऊन खंड आणि अंक अशी पद्धत आली. तेव्हा ‘वेताळाचा जुना अंक’ एवढं लिहिणं म्हणजे ‘पुण्यात राहतो’ एवढ्या पत्त्यावर पाकीट पाठवणं. क्रमांक, तारीख, छापील किंमत आणि भाषा, चारही वहीत हवीत. भाषा तर हवीच, कारण तीच गोष्ट इंग्रजीत, हिंदीत, मराठीत वेगवेगळी निघालेली असते आणि मराठी प्रत शोधणारा मराठीच शोधत असतो.

ट्रंकेत अमर चित्रकथाही सापडतील, तर तिथे जास्त सावध. ही मालिका १९६७ची, पण तिच्या लोकप्रिय पुस्तकांची पुनर्मुद्रणं वर्षानुवर्षं होत राहिली. मलपृष्ठावर किंवा आतल्या बाजूला मालिकेतल्या पुस्तकांची यादी असेल तर ती वाचा. तुमच्या पुस्तकाच्या खूप नंतर आलेली नावं त्या यादीत असली तर तुमच्या हातात पहिली आवृत्ती नाही, मग आजोबांनी ती कधी का आणलेली असेना.

आता पानं. घाई इथेच अंगाशी येते. अंक मध्ये उघडा, पिना दिसतील. पिनेच्या डावीकडचे कागद मोजा, मग उजवीकडचे. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत, कारण प्रत्येक कागद मधून दुमडलेला असतो. एका बाजूला एक कमी भरला तर अर्धा ताव फाटून गेलाय आणि त्याचा जोडीदार पान पिनेला जेमतेम लोंबतंय. पण आकडे जुळले म्हणून निर्धास्त होऊ नका. मधलं जोडपान अख्खं निसटलं तर दोन्हीकडून एकेक कमी होतं आणि हिशेब बरोबरच येतो. म्हणून पानांचे क्रमांक बघा. ते नसतील तर मधल्या दोन पानांवरचे संवाद तेवढे वाचा, सलग लागतात का. वाचायची परवानगी फक्त इथे.

मग प्रत्येक पान वरपासून खालपर्यंत, जाहिरातींसकट. मी एकदा बहादूरचा एक अंक ‘उत्तम’ म्हणून नागपूरला पाठवला होता. मुखपृष्ठ लखलखीत, कोपरे टोकदार, मीच खूश. चार दिवसांनी फोन आला. समोरचा माणूस वयाने लहान आणि फार सभ्य होता. “काका, शेवटून दुसऱ्या पानावर एक खिडकी आहे. ती तुम्हाला माहीत होती का?” जाहिरातीतलं कूपन कापलेलं होतं आणि मागच्या बाजूला गोष्टीतल्या एका चौकटीचा अर्धा भाग त्याच्याबरोबर गेला होता. कापणारा मीच. आईची शिवणाची कात्री घेऊन, पोस्टकार्डावर चिकटवण्यासाठी. बक्षीस आलं नाही, आणि पस्तीस वर्षांनी पैसे टपालखर्चासह परत गेले. ही रड फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेतल्या मार्व्हल या कॉमिक्स कंपनीने १९७४मध्ये आपल्या अंकांत कापून जमवायचे छापील स्टँप द्यायला सुरुवात केली आणि तिकडच्या पोरांनीही कात्र्या चालवल्या. ‘हल्क’चा नोव्हेंबर १९७४चा १८१वा अंक, ज्यात वुल्व्हरीन हे पात्र पहिल्यांदा पुरतं अवतरलं, त्याच्याबद्दल गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न आजही ‘स्टँप आहे का?’ हाच असतो. मुखपृष्ठाची चौकशी मागाहून.

बाहेरची तपासणी टॉर्चने करा. ट्यूबलाइट वरून पडते, तिच्यात घड्या लपतात. टॉर्च मुखपृष्ठाला जवळजवळ समांतर धरा, म्हणजे प्रत्येक दुमड सावली टाकते. कण्याजवळच्या, म्हणजे पिना मारलेल्या दुमडीजवळच्या, बारीक आडव्या रेघा मोजा. रेघ नुसती उमटली आहे की तिथला रंग उडून पांढरा कागद दिसतोय, हा फरक लिहायचा. रंग उडालेली दुमड कितीतरी जास्त मार्क खाते. पिनांना गंज आहे का, गंज कागदात उतरलाय का, मुखपृष्ठ दोन्ही पिनांना धरून आहे की वरच्याच. गंजलेली पिन उचकटून नवी ठोकण्याचा मोह होईल. नका करू.

आपल्या अंकांची काही दुखणी खास इथली आहेत, ती दर्जा ठरवायच्या परदेशी तक्त्यांत नीट बसत नाहीत. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्यांनी अंक टिकावेत म्हणून दाभणाने भोकं पाडून दोऱ्याने शिवले, वर खाकी कागद चढवला, आत तीन ठिकाणी शिक्के मारले. भोकं मोजून लिहा, शिक्क्यांचे फोटो द्या. घरोघरी दहा-बारा अंकांचं बाइंडिंग करून घ्यायची पद्धत होती. त्यात बाइंडर तिन्ही कडा मशीनवर छाटायचा, कधी मुखपृष्ठंच काढून टाकायचा. बाइंडिंगमधून सोडवलेला अंक कडेने फार सरळ आणि स्वच्छ दिसतो आणि अजाण माणूस त्यालाच जास्त मार्क देतो. फूटपट्टी लावा, त्याच काळातल्या न छाटलेल्या अंकाशी उंची-रुंदी ताडून बघा. दोन-चार मिलिमीटर कमी भरले तर ‘छाटलेला’ हा शब्द वर्णनाच्या पहिल्या ओळीत आला पाहिजे.

कसर लागली असेल तर पृष्ठभाग खरवडल्यासारखा दिसतो, कडांना नक्षी होते. वाळवी आरपार जाते. तांबूस ठिपके, पाण्याच्या डागाची तपकिरी किनार, सेलोटेप निघून गेल्यावर मागे उरलेला पिवळा चिकट पट्टा, सगळं वहीत. शाईने लिहिलेलं नावही. आमच्या ताईने माझ्या प्रत्येक अंकावर, वेताळाच्या छातीवरच, ‘इ. ६ वी ब’ लिहून ठेवलंय, गोल गोल अक्षरांत. मला ते अक्षर लाखमोलाचं. घेणाऱ्याच्या दृष्टीने तो मुखपृष्ठावरचा चार सेंटिमीटरचा निळा डाग. तसंच लिहायचं. आणि वास घ्या, खरंच नाकाशी धरा. कुबट वास फोटोत येत नाही, पाकीट उघडल्यावर मात्र पहिला तोच येतो.

हे सगळं झाल्यावर दर्जाचा आकडा, त्याआधी नाही. संग्राहकांत चालते ती अमेरिकी पट्टी, अर्ध्यापासून दहापर्यंत: ०.५ पुअर, १ फेअर, २ गुड, ४ व्हेरी गुड, ६ फाइन, ८ व्हेरी फाइन, ९.४ निअर मिंट. ‘गुड’ म्हणजे दहापैकी दोन, हे आपल्या लोकांच्या पचनी पडत नाही. दुमडलेला, मळलेला, कणा थकलेला, पण बहुतेक पूर्ण आणि वाचता येणारा अंक म्हणजे गुड. आपण मात्र ‘गुड कंडिशन’ असं स्कूटर विकताना लिहितो तसं लिहितो आणि मग भांडणं होतात. माझ्या हातून गेलेले मराठी इंद्रजाल बहुतेक दोन ते पाचच्या मधले होते. सहाचा सापडला की मी तो दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासतो. दोन आकड्यांत मन अडलं तर खालचा घ्या. आठ लिहायचा हात शिवशिवला तर शेजारच्या खोलीतून कुणाला तरी बोलवा आणि विचारा, “यात काय बिघडलंय सांग.” ‘कसा आहे’ असं विचारू नका, माणसं मन राखतात.

दुरुस्ती करू नका. फेव्हिकॉल नको, इस्त्री नको, खोडरबर नको, पांढऱ्या पडलेल्या घडीवर काळा मार्कर तर मुळीच नको. आधीच्या कुणी मार्कर फिरवला असेल तर मुखपृष्ठ आतून बघा, शाई कागदातून पाझरलेली दिसते. सुटलेलं मुखपृष्ठ बदलून रंगीत झेरॉक्स लावलेले अंकही फिरतात. भिंगाखाली जुन्या छपाईचे ठिपके रांगेने दिसतात, झेरॉक्सवर शाईची चकाकणारी पूड दिसते. २०००मध्ये सुरू झालेली अमेरिकेतली सीजीसी ही संस्था अंक तपासून प्लास्टिकच्या डबीत बंद करते, आणि डागडुजी करून उजळलेल्या अंकाला तिथे वेगळं जांभळं लेबल लागतं. ते बघून घेणारा लगेच हात आखडता घेतो. तुमच्याकडे लेबल नाही, म्हणून ते काम तुमच्या वाक्याने करायचं.

वर्णन असं लिहा: ‘मराठी. क्रमांक, तारीख, किंमत फोटोत. सर्व पानं मोजली, पूर्ण. मुखपृष्ठ खालच्या पिनेपासून सुटलेलं. दोन्ही पिनांना गंज, मधल्या पानावर उतरलेला. उजवा वरचा कोपरा दुमडलेला, रंग उडालेला, सुमारे १ सें.मी. मुखपृष्ठावर शाईने नाव. कोडं पेन्सिलीने सोडवलेलं (दोन उत्तरं चुकीची). हलका कुबट वास. माझ्या मते ३.’ कंसातलं लिहिलं नाहीत तरी चालेल, मला राहवत नाही. ‘जुना असूनही’, ‘वयाच्या मानाने’ हे शब्द गाळा. पट्टीला वय कळत नाही.

फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढून. पुढचं, मागचं, कणा, मधलं जोडपान, दोन्ही आतली कव्हरं, आणि सगळ्यात वाईट दोषाचा फूटपट्टीसकट जवळून. मोबाइल आपणहून रंग खुलवतो, ते बंद करा, नाहीतर पिवळं पान दुधासारखं दिसतं आणि फोन येतो. दोषाचा फोटो शेवटी ढकलू नका, दुसऱ्या क्रमांकावर ठेवा.

भाव ठरला की बांधाबांध. कोऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत अंक, मागे आम्लरहित पुठ्ठा. साडीच्या दुकानातली पीव्हीसीची पिशवी नको, ती काही वर्षांत कागदाला चिकटते. पिशवीची चिकटपट्टी मागच्या बाजूला, म्हणजे अंक बाहेर काढताना मुखपृष्ठ तिला लागणार नाही. अंकापेक्षा चारही बाजूंनी बोटभर मोठे दोन जाड पुठ्ठे, त्यांच्यातली खोक्याची नळीदार रेघ एकाची उभी तर दुसऱ्याची आडवी, म्हणजे पाकीट कुठूनच वाकत नाही. वर पाणी न शिरणारं आवरण. ‘घडी घालू नये’ हे मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हीत लिहा आणि पोस्टमन तरीही ते लेटरबॉक्समध्ये कोंबणार असं धरूनच बांधा.

वहीतलं ते पान फाडून टाकू नका. पैसे जमा झाले, पाकीट पोचलं, तरी महिनाभर फोटो आणि नोंद ठेवा. नागपूरच्या त्या मुलाने नंतर माझ्याकडून अकरा अंक घेतले. दर वेळी फोनवर पहिला प्रश्न एकच असतो: “काका, कात्री?” मी वही उघडतो आणि पान क्रमांकासकट सांगतो.