व्यवसायजन्य आजार झालेल्या अग्निशामकाच्या अपंगत्व निवृत्तिवेतनाचा हिशेब

आकडेमोडीला बसण्यापूर्वी आजार कामामुळे झाला हे मान्य करून घ्यावे लागते, कारण कर्तव्यजन्य अपंगत्वाचा दर सामान्य अपंगत्वापेक्षा सहसा जास्त असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचे काम कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात घातले आणि मेसोथेलिओमा (मुख्यतः फुप्फुसांच्या आवरणाचा कर्करोग) व मूत्राशयाचा कर्करोग यांबाबत पुरेसा पुरावा असल्याचे नोंदवले. यांपैकी आजार असल्यास अर्जात हा आधार अवश्य द्यावा.

यानंतरचा प्रश्न कोणते वेतन धरायचे हा आहे, आणि माझ्या मते खरी रक्कम इथेच ठरते. अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीमुळे होणारा मेसोथेलिओमा काही दशकांनी, म्हणजे बहुधा निवृत्तीनंतर, उघडकीस येतो. अशा वेळी नियमांत धुराधुळीशी आलेल्या शेवटच्या संपर्काच्या दिवशीचे वेतन धरले आहे, निवृत्तीच्या दिवशीचे, की महागाईनुसार वाढवलेले, हे शोधावे. भत्ते त्यात मोजले जातात का, हेही तपासावे.

समजा, सरासरी वेतन १०० आहे आणि पूर्ण अपंगत्वाचा दर ६० टक्के आहे. (आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६४ च्या १२१ क्रमांकाच्या करारातही पत्नी व दोन मुले असलेल्या प्रमाण लाभार्थ्यासाठी हेच प्रमाण आहे.) वैद्यकीय मंडळाने फुप्फुसांसाठी ४० व श्रवणासाठी २० टक्के अपंगत्व ठरवले, तर अनेक पद्धतींत त्यांची सरळ बेरीज होत नाही, दुसरी टक्केवारी उरलेल्या ६० टक्के क्षमतेवर लावतात, म्हणून एकूण ५२ टक्के येतात. निवृत्तिवेतन दराच्या त्याच प्रमाणात मिळत असेल, तर ६० चे ५२ टक्के, म्हणजे ३१.२.

हा आकडा सेवेवरील निवृत्तिवेतनाशी ताडून पाहावा. वर्षाला २ टक्के दर असल्यास २२ वर्षांच्या सेवेचे ४४ होतात आणि दोन्हींपैकी एकच मिळत असेल, तर अपंगत्वाचा पर्याय तोट्याचा ठरतो. १२ वर्षांच्या सेवेचे मात्र २४ च होतात, तेव्हा तोच फायद्याचा असतो. करसवलत असल्यास तुलना हाती येणाऱ्या रकमेवर करावी.

एकरकमी भरपाई मिळाली असल्यास ती वजा होते का, हे सही करण्याआधी लेखी विचारावे, कारण काही योजनांत तिच्या स्वीकाराने पुढील फेरतपासणीचा हक्क संपतो आणि फुप्फुसांचे आजार तर वाढत जाणारे असतात.