जुन्या जन्मवेळा दुरुस्त करताय? या चुका टाळा

१ जानेवारी १९०६ ला देशात प्रमाणवेळ आली, हे सगळ्यांना पाठ असतं. मुंबईने ती मनावर घेतली नाही, हे विसरतात. रेल्वे प्रमाणवेळेवर धावायची आणि शहरातली कितीतरी घड्याळं स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं 'मुंबई टाइम'वर, म्हणजे ३९ मिनिटं मागे. त्यामुळे १९३१ च्या गिरगावातल्या जन्मापुढे 'सकाळी ८.१०' दिसलं की आधी विचारायचं, कुठल्या घड्याळाचे?

सगळ्यात वाईट चूक म्हणजे मूळ वेळ पुसून त्या जागी 'बरोबर' वेळ टाकणं. ती मीच केलीय. त्या १९३१ च्या नोंदीतले आजोबांचे ८.१० पुसून ८.४९ टाइप केले, शेरा लिहायचा कंटाळा केला. दोन वर्षांनी चुलतभावाला मुंबई टाइमचा शोध लागला. उत्साही माणूस, त्याने आणखी ३९ मिनिटं मिळवली. ९.२८! मकर लग्नाचे (लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) आजोबा एका रात्रीत कुंभ लग्नाचे झाले.

शेवटी ट्रंकेतली हाती लिहिलेली पत्रिका काढली. तिच्यात इष्टकाळ, म्हणजे सूर्योदयापासून जन्मापर्यंतचा वेळ, दिलेला होता: इष्ट घटी ३, पळे ५७. घटी २४ मिनिटांची, पळ तिचा साठावा भाग, म्हणजे सूर्योदयानंतर सुमारे ९५ मिनिटं. ८.१० मधून वजा केले की सूर्योदय ६.३५ ला येतो. आजोबांचा जन्म जानेवारीच्या मध्यावरचा आणि तेव्हा मुंबईत आजच्या घड्याळाने सूर्य उगवतो सव्वासातच्या आसपास. फरक साधारण ३९ मिनिटांचाच, म्हणजे ८.१० मुंबई टाइमच. पत्रिकेत इष्टकाळ असताना थेट कुंडलीच्या ॲपवर विसंबणाऱ्यांना काय म्हणावं!

तसंही ॲपमध्ये 'आशिया/कोलकाता' हा वेळेचा पट्टा निवडलं की अख्ख्या भारताला एकच इतिहास लागतो. मुंबईची ३९ मिनिटं त्यात नाहीत.

१ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात युद्धामुळे प्रमाणवेळ तासभर पुढे होती, तेवढा तास वजा करा. १९६१ आधीच्या गोव्याला भारताचे नियम लावू नका, तिथे पोर्तुगीज होते. वेळ माहीत नसेल तर रकाना रिकामा ठेवा, ००.०० भरलंत की पुढचा माणूस मध्यरात्रीची पत्रिका मांडतो.

मी आता मूळ नोंदीच्या रकान्याला हात लावत नाही. शेजारी माझी वेळ, त्यापुढे कारण आणि 'खात्री', 'बहुतेक' किंवा 'अंदाज' यांपैकी एक शब्द. आजोबांच्या ओळीत आता असं आहे: 'मूळ ८.१०. प्रमाणवेळ ८.४९. इष्टकाळावरून, खात्री. ३९ मिळवलेले आहेत, पुन्हा मिळवू नये.' शेवटचं वाक्य चुलतभावासाठी, लाल अक्षरात.